वहिनी ऊर्फ आई

९ जानेवारी

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. मी इकडे बरी आहे, तू आणि भिंगरी तिकडे बऱ्या असाल असं धरून चालते. गुडघ्याचं या वेळी तरी खरं लिही.

हे पत्र डोकं शांत ठेवून वाच. तुम्हां दोघींना इकडे कायमचं आणण्यासाठी सप्टेंबरात मी दोन अर्ज दिले होते, एक आईसाठी आणि एक मुलीसाठी. त्यावर इकडच्या व्हिसा ऑफिसचं पत्र आलंय. नकार नाही, पण नकार परवडला असता असं काहीतरी आहे.

तुला आठवत असेल, वकीलबाई म्हणाल्या होत्या की नुसते दाखले पुरत नाहीत, इतकी वर्षं लांब राहूनही तुम्ही एकमेकींना धरून आहात हे दिसायला हवं. फोनवर बोललेलं हवेत जातं, म्हणून आपली आठ वर्षांची पत्रं जोडली. माझी तुझ्याकडे होती ती तू पाठवलीस, तुझी आणि भिंगरीची माझ्या कपाटात होतीच. भाषांतर एका निवृत्त दुभाष्याकडून करून घेतलं. कोर्टात तीस वर्षं काढलेला माणूस, स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे करणार नाही. तेच नडलं.

त्यांनी 'वहिनी'चं भाषांतर केलंय 'भावाची बायको'. वडिलांसाठी लिहिलेलं 'कै. दादा' म्हणजे 'कैलासवासी थोरला भाऊ'. भिंगरी मला ताई लिहिते, तिथे 'मोठी बहीण'. आणि ती तुला आई म्हणते, तिथे मात्र 'आई'. तू मला चि. ताई लिहितेस ते ऑफिसला काही केल्या कळलं नाही, तिथे त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. आता त्या ऑफिसातल्या माणसाच्या खुर्चीत बसून बघ. माझा एक थोरला भाऊ होता, तो वारला. त्याची विधवा म्हणजे तू. तुझी मुलगी भिंगरी. आणि मी माझ्या भावजयीला आणि पुतणीला आई आणि मुलगी म्हणून आत घुसवायला बघतेय. शिवाय अर्जात मला भाऊ नाही असं सही करून दिलंय, म्हणजे मेलेला भाऊही लपवला. खरं सांगू, वहिनी, मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मलाच पटलं.

साठ दिवसांत खुलासा मागितलाय. खोटं ठरलं तर दोन्ही अर्ज बाद आणि पुढची पाच वर्षं नव्याने अर्ज करता येणार नाही. भिंगरी आत्ता अकराची. मी निघाले तेव्हा अडीच वर्षांची होती, मधे दोनदा येऊन गेले तेवढंच. पाच वर्षांनी सोळाची होईल. सोळा वर्षांची मुलगी न ओळखणाऱ्या आईकडे कशाला येईल? मला तिचं लहानपण मिळालं नाही ते नाही, पण उरलंसुरलं तरी हवंय. तू काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण मीच इतकी करतेय की ते शोभणार नाही.

भिंगरीला गोड पापा. तुझा लोभ आहे म्हणून चाललंय, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


२७ जानेवारी

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. डोकं शांत ठेव असं लिहिलंस तिथेच ते तापलं.

गुडघा आहे तिथेच आहे. जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो.

तुझं पत्र धाकट्या काकांना वाचून दाखवलं. इतके हसले की कपातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर. मी म्हटलं, भाऊजी, हसू नका, या पापाचं मूळ तुम्हीच. तू बोलायला लागलीस तेव्हा घरात तीन दीर. दिवसभर वहिनी पाणी, वहिनी टॉवेल, वहिनी माझा सदरा कुठाय. आई म्हणून सगळे सासूबाईंना हाक मारायचे, म्हणजे ती जागा भरलेली. तुझा पहिला शब्द आला तो 'वैनी'. सगळ्यांना कोण कौतुक. मी एकदा तुझ्या वडिलांकडे विषय काढला की हिला आई म्हणायला शिकवू या. ते म्हणाले, मलाही दादाच म्हणते, मी कुठे रुसलोय? मग मी विषय सोडला. त्या घरात विषय सोडायची मला चांगली सवय होती.

काका आता गंभीर झालेत. म्हणतात, कोर्टात उभा राहून सांगतो की मी हिला वहिनी म्हणायचो, पोरीने माझी नक्कल केली, हवी तर मला शिक्षा करा.

आता भिंगरीचं सांगते, ते हसण्यासारखं नाही. जावई गेले, तू वर्षभरात परदेशी नोकरी धरलीस, पोर माझ्याजवळ ठेवलीस. तू गेल्यावर महिनाभर ती दाराकडे बघून रडायची. मग एके दिवशी मी काजं करत बसले होते, शर्टांचा गठ्ठा पुढ्यात, आणि ती मागून येऊन गळ्यात पडली आणि म्हणाली, आई, भूक. शेजारची पोरं म्हणतात ते ऐकून म्हणाली असेल. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की मी आजी, आई ती, फोटोतली. सांगितलं नाही. तुला वाटत असेल पोरीचं मन मोडवेना म्हणून. तसं नाही गं. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आई म्हणालं होतं, आणि मला ते हवं होतं. पन्नाशीला आलेल्या बाईने असा हावरटपणा केला. तुझ्या फायलीत ज्या घोटाळ्याचा डाग पडलाय त्यातला अर्धा माझा आहे.

काय करायचं ते सांग, मी करते. तुझ्यावर माझा जीव आहे हे त्या ऑफिसला कोणत्या शब्दात कळेल तेवढं विचारून ठेव.

तुझी,
वहिनी, म्हणजे कोण ते ऑफिस ठरवेल


१५ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

नमस्कार. तुझं पत्र लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं. समोर बावीस कवळ्या पॉलिशला लागलेल्या, सगळ्या दात विचकून माझ्याकडे बघत होत्या. म्हणून रडले नाही.

हावरटपणा वगैरे पुन्हा लिहू नकोस. मुलगी टाकून कोण गेलं, मी का तू? तुझी हाव होती म्हणून तिला आई होती, नाहीतर नुसता फोटो होता.

दुभाष्यांकडे जाऊन भांडून आले. म्हटलं, तुम्ही स्वतः मराठी, तुम्हाला कळलं नाही का हो, की पत्रातली वहिनी म्हणजे आई? म्हणाले, पहिल्या ओळीत कळलं. पण मी शब्दांची शपथ घेतलेली आहे, नात्यांची नाही. मग चष्मा पुसत म्हणाले की ते स्वतः त्यांच्या आईला काकी म्हणायचे, ती गेली तेव्हाही काकीच म्हणाले. यावर मी काय भांडणार?

मी त्यांना एक मुद्दा सुचवला, तुला कसा वाटतो बघ. मी तुला वहिनी म्हणते, पण अहो-जाहो करत नाही. तू म्हणते. भावाच्या बायकोला, तीही वीस वर्षांनी मोठी, आपल्यात कोणी 'वहिनी, तुझं डोकं फिरलंय का' असं लिहील का? ते फक्त आईलाच लिहिता येतं. चाळीस पत्रांत पानोपानी पुरावा पडलाय. दुभाषे खूश झाले, म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे. मग म्हणाले, पण त्यांच्या भाषेत तू आणि तुम्ही एकच आहे. मी हात टेकले.

वकीलबाईंनी आता नीट सांगितलंय. काकांचं प्रतिज्ञापत्र जाईल. आपल्या तिघींच्या लाळेचे नमुने जातील, तुम्हाला जवळच्या तपासणी केंद्रातून बोलावणं येईल. आणि यापुढची पत्रं रीतसर हवीत. मी तुला आई लिहायचं. भिंगरीने मला आई लिहायचं आणि तुला आजी. तिला ती हाक तोंडातही बसवायला हवी, कारण कदाचित तिला ऑफिसात बोलावतील. वकीलबाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, जसं काही कागदावर एक शब्द खोडून दुसरा लिहायचाय. तुला हे करायला सांगताना मला माझीच शरम वाटतेय.

तर हे तुला लिहिलेलं शेवटचं वहिनी. लोभ मात्र भाषांतर न करता तसाच असू दे.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. आईस,

मुलीचा साष्टांग नमस्कार. आई, तू कशी आहेस? आई, माझी मुलगी आणि तुझी नात कशी आहे? माझी मुलगी अभ्यास करते ना? मी येथे कुशल आहे व दातांच्या लॅबमध्ये नोकरी करत आहे. मला माझ्या आईची व मुलीची फार आठवण येते. माझ्या मुलीस तिच्या आईचे आशीर्वाद सांगावेत. आई, कृपाप्रसाद असावा.

तुझी मुलगी

(ही चिठ्ठी फायलीला लावायची नाही. वहिनी, वरचं पत्र वकीलबाईंनी पास केलंय. चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी वाटलं दुसऱ्या कोणाच्या तरी आईला लिहितेय. गठ्ठा उचलताना वाकू नकोस, काकांना सांग.)


२२ मार्च

चि. मुलीस,

आशीर्वाद. असं लिहायचं असेल तर लिहिते, पण मुलीस म्हटल्यावर लग्नाला आलेली कोणीतरी डोळ्यांपुढे येते.

तुझं आईवालं पत्र आलं तेव्हा उघडून पोस्टमनला म्हटलं, दुसऱ्याचं दिसतंय. मग अक्षर तुझं. तीनदा वाचलं. हसू आलं, मग हसू गेलं. तू पाच वर्षांची असताना हे लिहिलं असतंस तर मी ते फ्रेम करून लावलं असतं. आता फायलीला लावते.

तपासणी झाली. कापूस गालात फिरवतात, दुखत नाही. भिंगरीने विचारलं की यातून काय कळणार. त्या बाईने सांगितलं, कोण कोणाचं ते कळणार. ती म्हणाली, ते तर आम्हाला माहीत आहे.

हाक बदलायचं काम मी मनावर घेतलंय. पहिला आठवडा गमतीत गेला, चुकलं की एक पाढा. पण पाढ्यांनी काही होईना, झोपेतून उठली की आईच. मग मी ठरवलं की आई म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही. आजी म्हटलं तरच द्यायची. लिहायला सोपं आहे. ती दारातून हाक मारते, आई, माझा कंपास कुठाय, आणि मी सुईत दोरा ओवत बसते. ती पुन्हा मारते. मी ओवलेला दोरा काढून पुन्हा ओवते.

परवा ती जिन्यात पडली. गुडघा फुटला, तिचाही. खालून ओरडली, आई गं. मी दारापर्यंत गेले आणि थांबले. कडीवर हात ठेवून उभी राहिले. मनात म्हटलं, आत्ता गेले तर इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. ती तीन-चार वेळा हाका मारून गप्प झाली. मग हळूच म्हणाली, आजी. मग मी गेले. रक्त पुसलं, फुंकर घातली, शहाणी माझी ती म्हणाले. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. तुला सांगितलं नसतं, पण कोणाला तरी सांगायला हवं होतं. हे पान फायलीला लावू नकोस.

आता ती बरोबर म्हणते. चुकत नाही. तू खूश हो. माझ्यावर राग धरू नकोस एवढंच मागणं.

तुझी,
आई


१४ एप्रिल

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. वरचं खोडलेलं बघू नकोस, चुकून ताई लिहिलं होतं. आजी म्हणाली नवीन कागद घे, पण मग परत सगळं लिहावं लागेल.

मी मजेत आहे. गुडघ्याची खपली पडली. मला गणितात बरे मार्क आहेत आणि चित्रकलेत बरे नाहीत. आजीच्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही, मीच ओवून देते, सकाळी दहा सुया ओवून ठेवते म्हणजे शाळेतून येईपर्यंत पुरतात. मी तिकडे आल्यावर त्या कोण ओवणार? हे मी आजीला विचारलं तर ती म्हणाली पत्रात असलं लिहू नकोस. पण मी शाईने लिहिलंय.

मी तिथे आल्यावर पण अशाच हाका मारायच्या का, की फक्त पत्रात आणि ऑफिसात? नक्की काय ते कळव.

तुझी मुलगी,
भिंगरी


३० एप्रिल

ती. आईस,

नमस्कार. तपासणीचा निकाल आला. तू माझी, मी तिची, सगळं जुळलं. माझा मेलेला भाऊ रीतसर रद्द झाला. लॅबमध्ये मी मेणात दात बसवत होते, वकीलबाईंचा फोन आला, आणि माझ्या हातून सहाच्या सहा पुढचे दात उलटे बसले. लॅबच्या साहेबांना वाटलं घरी वाईट बातमी असेल.

पण सुटका नाही. ऑफिस म्हणतं, रक्त जुळतं हे मान्य, पण मुलगी आठ वर्षं आईपासून लांब आहे, दुसऱ्याच बाईला आई म्हणत होती, तेव्हा तिला उपटून इकडे आणणं तिच्या हिताचं आहे का हे बघावं लागेल. ती मला प्रत्यक्षात आई मानते का, ते तिच्याच तोंडून ऐकणार. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडच्या कचेरीत बोलावतील. ती एकटी आत जाईल, सोबत त्यांची दुभाषी बाई.

वकीलबाईंनी संभाव्य प्रश्न दिलेत, सोबत जोडते. मी काय काम करते, कुठे राहते, घरात किती खोल्या आहेत. तिला सांग, दीड. अर्ध्या खोलीत तिचा पलंग मावतो, मोजून आणलाय, खिडकीखाली लावलाय. रोज कामावरून आल्यावर मी त्याच्यावर पर्स ठेवते आणि मग उचलते.

तुझं जिन्याचं पान फायलीला लावलं नाही. ते मी उशाखाली ठेवलंय. राग कसला धरणार, मी दमलेय गं. तू किती दमली असशील ते तू लिहीत नाहीस. भिंगरीच्या प्रश्नाचं उत्तर मला सुचत नाहीये, सुचलं की कळवते. माया असू दे.

तुझी मुलगी


६ जून

चि. मुलीस,

आशीर्वाद. मुलाखत झाली. आजच लिहून टाकते, उद्यावर टाकलं तर लिहिणार नाही.

सकाळी दहाचं बोलावणं होतं, काकांनी आठलाच नेऊन बसवलं. लांब बोळासारखी खोली, जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी. सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कोपऱ्यातली एक म्हातारी तेवढी स्वतःशी उत्तरं पाठ करत होती. भिंगरीने वेणी घट्ट घालायला लावली होती. आमचा नंबर साडेअकराला लागला. दुभाषी बाई तिला आत घेऊन गेली, मला बाहेर थांबायला सांगितलं. काचेतून तिची फक्त पाठ दिसत होती. ताठ बसली होती.

वीस-पंचवीस मिनिटांनी आली, हातात पाण्याचा कागदी पेला. चेहऱ्यावरून काही कळेना. बसमध्ये बसल्यावर तिने सगळं ओळीने सांगितलं. आई काय करते, तर कवळ्या करते, आधी प्लास्टरचा साचा, मग मेण, मग दात. घर दीड खोलीचं, पलंग खिडकीखाली. बाहेर बसलेल्या बाई कोण, तर आजी. कुठेही अडखळली नाही, तो साहेब मान डोलवत लिहीत होता. मग त्याने कागद बाजूला ठेवला आणि यादीत नसलेलं विचारलं. तुला काही लागलं, भीती वाटली, तर तू कोणाला हाक मारतेस?

ती म्हणाली, मी खूप विचार केला. आई म्हटलं तर खोटं, कारण आई एवढ्या लांबून येणार कशी. आजी म्हटलं तर सगळं बिघडणार. म्हणून तिने सांगितलं, "आता कोणालाच नाही."

त्याने विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, मार्चपासून.

आणि मग मला विचारते, बरोबर सांगितलं ना? मी बरोबर सांगितलंस म्हटलं. काका खिडकीबाहेर बघायला लागले. मला काही बघायचं सुचेना, मी तिच्या हातातला पेला घेऊन चुरगाळत बसले. अगं, ती खोटं बोलली नाही आणि तिने बिघडवलंही नाही. आपल्या सगळ्यांना मिळून पाच महिन्यांत जे जमलं नाही ते तिने जमवलं. आणि त्या उत्तरात माझं काय झालं ते मला आत्ता लिहिता येत नाही. जिन्यात मी कडी काढली असती तर ती असं म्हणाली नसती.

घरी आल्यावर मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, झालं ते झालं, आता घरात तुला हवी ती हाक मार, मी ओ देईन. तर म्हणाली, नको, मग परत मोडावी लागेल.

निकाल काय लागायचा तो लागो. तुझ्या पलंगावर कोणीतरी झोपलेलं मला हवंय, एवढं खरं. लोभ ठेव, मी माझ्यावरचा काढून घेतलाय.

तुझी,
आई


१९ ऑगस्ट

ती. आईस,

नमस्कार. निकाल आला. भिंगरीचा अर्ज मंजूर.

त्या साहेबाने शेरा काय लिहिलाय ते दुभाष्यांनी मला वाचून दाखवलं. लिहिलंय की मुलीला अडचणीच्या वेळी हाक मारायला सध्या कोणीही नाही, सबब तिला आईकडे लवकरात लवकर पोचवणं गरजेचं आहे. म्हणजे तू कडीवर हात ठेवून उभी राहिलीस त्याच्यावर तिचा व्हिसा झालाय. याच्यावर आनंद कसा करतात मला माहीत नाही.

तुझा अर्ज नाकारलेला नाही. तू माझी आई हे त्यांना मान्य आहे. पण आईवडिलांची रांग वेगळी, ती लांब आहे. वकीलबाई म्हणतात चार वर्षं, कदाचित पाच. मी विचारलं, तोपर्यंत मुलीला तिकडेच ठेवलं तर? म्हणाल्या, सहा महिन्यांत आली नाही तर मंजुरी मोडते, मग पुन्हा पहिल्यापासून.

मला तुम्ही दोघी हव्या होतात. मी आईसाठी आणि मुलीसाठी अर्ज केला होता, यातली एक निवड असं कुठेच लिहिलं नव्हतं. तू सांगशील तसं करते. थांब म्हणालीस तर थांबते. तुझा आधार आहे तोवर मला निर्णय घ्यायची सवय लागणार नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?

तुझी मुलगी


२ सप्टेंबर

चि. मुलीस,

आशीर्वाद. थांबायचं काही नाही. तिकीट काढ.

काय, 'सांगशील तसं करते'! पस्तिशी ओलांडलीस. मी या पोरीला माझी हाक तोडायला लावली ती काय तिला इथे ठेवून घ्यायला? इतकं होऊन ती इथेच राहिली तर मी तिला तोंड कसं दाखवू?

आता नीट लक्ष दे. ती दूध पिते म्हणते पण ओतून टाकते. सर्दीत डावा कान दुखतो. राग आला की कपाट आवरते, तेव्हा मधे बोलायचं नाही, कपाट आवरून झालं की रागही आवरलेला असतो. रडताना आवाज करत नाही, म्हणून बघावं लागतं. शाळेत पहिले काही दिवस डबा परत आणेल, ओरडू नकोस.

आणि तिला आई म्हण म्हणून मागे लागू नकोस. तिने तुला विचारलं होतं ना, तिथे आल्यावर काय म्हणायचं, त्याचं उत्तर तू दिलंच नाहीस. मी दिलंय. म्हटलं, काहीच नाही म्हटलंस तरी चालेल. तू नुसती तिच्या आसपास राहा. मी तेवढंच केलं होतं, बाकी तिचं तिने केलं.

माझी काळजी नको. काका रोज चक्कर मारतात. काजांचं काम कमी केलंय. रांगेत उभी राहायची मला सवय आहे. तुझा जीव माझ्यात आहे हे मला कळतं, सारखं लिहून शाई संपवू नकोस.

तुझी,
आई


२३ नोव्हेंबर

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. भिंगरीचं पत्र वेगळं आहे, त्यात तिने बर्फाएवढ्या थंड पाण्याच्या नळाबद्दल दोन पानं लिहिलीत. मी फक्त माझं लिहिते.

ती येऊन सात आठवडे झाले. शाळा बरी आहे म्हणते. डबा पहिले दहा दिवस परत आला, मी ओरडले नाही. कपाट चार वेळा आवरून झालंय. विमानतळावर ती मला ओळखून पुढे आली, पिशवी खाली ठेवली आणि नमस्कार केला, जशी पाहुण्यांना करते. मी तिला पोटाशी धरलं तर ती उभी राहिली, सुटेपर्यंत.

घरात ती मला कोणतीच हाक मारत नाही. काही हवं असलं की ओट्यापाशी येऊन उभी राहते, मी वळून बघेपर्यंत. मला पाठीमागे डोळे फुटलेत आता. शाळेतल्या बाईंसमोर एकदा 'माझी आई' म्हणाली, पण ते कागदावरचं होतं, मला कळतं. तू सांगितलंस तशी मी नुसती आसपास आहे. शनिवारी तिने मला उशीचा अभ्रा शिवून दिला, काजं तुझ्यासारखी, एकसारखी. मी विचारलं कोणी शिकवलं, तर म्हणाली, बघून बघून.

तुझ्या रांगेचं मी दर महिन्याला विचारते. तेच उत्तर येतं. वकीलबाई म्हणाल्या, फाईल उघडी आहे, पत्रं अशीच रीतसर चालू ठेवा. मी तुला आई लिहिते ते आता फायलीसाठी की कशासाठी हे मला सांगता येत नाही. पण चार वेळा खरडावं लागत नाही.

दमायला होतं, पण आता दमून घरी आल्यावर दिवा लागलेला असतो. तू होतीस म्हणून हे दिवस आले. मायेत अंतर पडू देऊ नकोस, बाकीचं अंतर आहेच.

तुझी मुलगी

ता. क. – एक सांगायचं टाळत होते, पण सांगते. परवा लॅब सुटल्यावर मी बसच्या थांब्याकडे चालले होते, गर्दी होती. शाळा लवकर सुटली म्हणून ती परस्पर मला गाठायला आली होती, ते मला माहीत नव्हतं. मागून हाक आली, आई. तिचा आवाज. मोठ्याने, अगदी जिवाच्या आकांताने, मी बसमध्ये चढून जाईन म्हणून. मी थांबले आणि इकडेतिकडे बघायला लागले. तिने पुन्हा हाक मारली तरी मी माणसांच्या तोंडांकडे बघतेच आहे. शेवटी ती धापा टाकत पुढ्यात आली आणि म्हणाली, केव्हाची हाक मारतेय, कोणाला शोधतेयस?

मी तिला म्हटलं, कोणाला नाही गं. पण आई, त्या गर्दीत मी तुला शोधत होते.